दगड कुणी काढले? : वन्यजीव छायाचित्रातली रचना आणि सुधारणा



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, वन्यजीव छायाचित्रण. पलीकडे जरा वेळ शांतता. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेली बाई वाघ-बिबट्यांच्या फोटोंवर काय बोलणार, असं त्यांच्या मनात आलं असणार. (हशा) निवृत्तीच्या दिवशी मुलीने कॅमेरा हातात दिला आणि तेव्हापासून मी तो घेऊन हिंडते आहे. हे माझं एक भांडवल. दुसरं म्हणजे सौंदर्यशास्त्राचा पेपर, जो मी वर्षानुवर्षं शिकवला आणि जो मला कॅमेरा हातात आल्यावर थोडाफार समजला.

पडद्यावर दोन छायाचित्रं आहेत. हे व्याख्यान नंतर वाचणाऱ्यांसाठी वर्णन करून सांगते. पुण्याजवळ सासवडच्या बाजूचं एक माळरान; नेमकी जागा सांगत नाही, कारण लांडग्यांच्या जागा सांगू नयेत. संध्याकाळचं तिरकं ऊन, वाळलेलं गवत. डाव्या बाजूला एक लांडगा, मान खाली घातलेली, तोंड उजवीकडे. पहिल्या चित्रात उजवीकडे फक्त गवत आणि वर आकाश. दुसऱ्या चित्रात बाकी सगळं तेच, पण उजवीकडे चुन्याने रंगवलेले सात दगड एका ओळीत, जवळून लांब जाणारे, लहान लहान होत जाणारे. प्लॉटिंगचे दगड. आपण सगळ्यांनी ते रस्त्याकडेला पाहिलेले आहेत.

कुणाला पहिलं जास्त आवडलं? हात वर करा. बरेच आहेत. लाजू नका, मीही पहिल्यालाच हात वर केला होता. नुसता हात नाही, सही केली होती. एका छायाचित्रण मंडळाच्या स्पर्धेत आम्ही तीन परीक्षक होतो. या पहिल्या चित्राला आम्ही पहिलं बक्षीस दिलं. समारंभानंतर चहा पिताना त्या मुलाने अगदी निरागसपणे मोबाइलवर मूळ फोटो दाखवला. म्हणाला, "मॅडम, हे दगड काढायला दोन तास लागले." नियमावलीत याबद्दल एक अक्षर नव्हतं. बक्षीस राहिलं. मी काही बोलले नाही. आज दोन्ही चित्रं दाखवायची परवानगी त्यानेच दिली आहे, नाव न घेण्याच्या अटीवर.

आता तुम्हाला वाटेल, ही बाई खोटेपणावर, नीतीवर बोलणार. नाही. नीतीकडे शेवटी येऊ. मला आधी समीक्षेचं बोलायचं आहे. माझं म्हणणं असं की, पहिलं चित्र *चित्र म्हणून* दुसऱ्यापेक्षा कमी दर्जाचं आहे. दगड काढले म्हणून ते सुधारलं नाही, बिघडलं. आणि हे मला, दोन तपं सौंदर्यशास्त्र शिकवलेल्या बाईला, त्या दिवशी दिसलं नाही.

लांडग्याकडे बघा. मान खाली आहे. पहिल्या चित्रात तो कशाकडे बघतो आहे? कशाकडेच नाही. थकलाय, चुकून आलाय, असं काहीतरी वाटतं. दुसऱ्या चित्रात त्याची नजर तिसऱ्या दगडावर आहे. कान त्या दिशेला वळलेले आहेत. त्याच्या जागेत काहीतरी नवीन आलं आहे आणि तो ते तपासतो आहे. दगड गेले आणि नजरेचा विषय गेला. उरली ती एक पोज.

मर्ढेकर आठवतात का? कवी मर्ढेकर नव्हेत, 'सौंदर्य आणि साहित्य'वाले मर्ढेकर. कलाकृतीची घडण लयतत्त्वावर होते असं ते म्हणत, आणि त्या लयीचे त्यांनी तीन प्रकार सांगितले : संवाद, विरोध आणि समतोल. वर्गात हे शिकवताना फळ्यावर मी काय काय वर्तुळं काढत असे. आता या चित्राला लावून बघा. सात पांढरे ठिपके एकमेकांशी जुळणारे, हा संवाद. माणसाने आखलेली सरळ रेघ आणि लांडग्याच्या पाठीची वेडीवाकडी रेघ, हा विरोध. डावीकडे एक करडा, जिवंत आकार आणि उजवीकडे सात निर्जीव पांढरे, हा समतोल. तिन्ही लयी त्या दगडांच्या आधाराने उभ्या होत्या. दगड पुसले तेव्हा त्या मुलाने चित्रातला कचरा काढला असं त्याला वाटलं. त्याने काढला तो चित्राचा कणा.

नियम कुणासाठी होते?

मग असं का होतं? आपल्याला 'स्वच्छ' चित्र चांगलं का वाटतं? याचं एक कारण आपल्या नियमांमध्ये आहे. फोटोग्राफीच्या कुठल्याही वर्गात गेलात तर पहिल्या दिवशी 'रूल ऑफ थर्ड्स' शिकवतात. चौकटीचे आडवे-उभे तीन भाग करा, मुख्य विषय त्या रेघांवर ठेवा. हा नियम या नावाने प्रथम दिसतो तो १७९७ च्या एका इंग्रजी पुस्तकात. लेखक जॉन थॉमस स्मिथ, आणि विषय आहे ग्रामीण देखाव्यांची चित्रं. म्हणजे हा चित्रकारासाठी सांगितलेला नियम आहे. चित्रकाराला झाड अडलं तर तो झाड हलवतो, नाहीतर काढतच नाही. त्याचं कोरं कागद हेच आरंभस्थान. छायाचित्रकाराचं आरंभस्थान नेमकं उलटं आहे. त्याच्यासमोर सगळं आधीच भरलेलं आहे. फांद्या, तारा, दुसऱ्या गाडीचं बॉनेट, सगळं. प्राणी त्याचं ऐकत नाही. या सगळ्या मांडणीत हलू शकणारी आणि हलायला मोकळी अशी एकच वस्तू आहे. छायाचित्रकार स्वतः.

म्हणून वन्यजीव छायाचित्रातली रचना ही पायांनी करायची गोष्ट आहे, आणि पाय नसतील तेव्हा थांबण्याने. उदाहरण देते. ताडोब्यात तुम्ही उघड्या जिप्सीत उभे असता. खाली उतरायला बंदी, आणि ती योग्यच आहे. वाघ दहा मीटरवर आला की सगळे टाळ्या वाजवायचेच बाकी राहतात. पण फोटो पाहा : वरून काढलेला, पाठ मोठी, पाय आखूड, वाघाचं मांजर झालेलं. चांगल्या छायाचित्रात आपण प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो, हे बरोबरच आहे. पण उतरता येत नाही, मग काय करायचं? साधं गणित आहे. तुमचा कॅमेरा आणि वाघाचे डोळे यांच्या उंचीत समजा सव्वा मीटरचा फरक आहे. दहा मीटरवरून तुम्ही सुमारे सात अंशांनी खाली बघता. चाळीस मीटरवरून तोच कोन दोन अंशांच्या आत येतो. म्हणजे चालकाला 'अजून पुढे घे' म्हणण्याऐवजी 'इथेच थांब' म्हटलं तर वाघाची उंची परत मिळते, आणि वाघाला वाटही मिळते. सौंदर्याची आणि शहाणपणाची मागणी इथे एकच निघाली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तसंच पार्श्वभूमीचं. पक्ष्यामागची फांद्यांची गिचमीड काढायला संगणकावर तासभर घालवण्यापेक्षा जागेवर दोन पावलं डावीकडे सरका; गिचमिडीऐवजी लांबची झाडी मागे येईल आणि आपोआप धूसर होईल. नजर ज्या बाजूला आहे त्या बाजूला जागा सोडा, पण जागा सोडली की काम झालं असं नाही. त्या जागेत नजरेला काहीतरी सापडलं पाहिजे. बगळ्याचा फोटो घेताना मागे गर्द झाडी असेल तर कॅमेऱ्याचं मीटर झाडी बघून उजेड वाढवतं आणि बगळ्याची पिसं पांढऱ्या डागासारखी जळतात. तिथे एक्स्पोजर मुद्दाम कमी करा, कारण जळालेलं पीस नंतर परत येत नाही. आणि क्रॉप जपून करा. रुंदी निम्मी, उंची निम्मी केलीत की चोवीस मेगापिक्सेलचे सहा उरतात. पण पिक्सेलपेक्षा मोठी गोष्ट जाते. वाघ कुठे होता, बांबूत, पाणवठ्यावर की रस्त्यावर, हे जातं. उरतो पासपोर्ट फोटो. (हशा)

माझा अग्निपंख

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, आता माझी. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला हिवाळ्यात रोहित येतात, ज्यांना आपण अग्निपंखही म्हणतो. उभे असताना पांढरे-गुलाबी, पंख उघडले की लाल आणि काळे. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही होडीत सहाजण होतो. शे-दीडशे पक्षी चोच उलटी करून चिखल गाळत होते. अर्धा तास झाला. कुणीतरी नावाड्याला म्हणालं, "दादा, जरा उडव ना." त्याने वल्हं पाण्यावर आपटलं. थवा उठला. सहाही कॅमेरे मशीनगनसारखे वाजले.

ते म्हणणारी मी नव्हते. पण नको म्हणणारीही मी नव्हते. आणि माझं बोट बटनावर होतं.

तो फोटो माझ्या तोवरच्या सगळ्या फोटोंत उत्तम होता. मोठा करून दिवाणखान्यात लावला. दोन वर्षं रोज पाहिला. मग एक दिवस नातीने विचारलं, "आजी, हे कुठे निघालेत?" आणि मला उत्तर देता येईना. कारण ते कुठेच निघाले नव्हते. ते जेवत होते आणि आम्ही त्यांना पानावरून उठवलं होतं. नीट बघितलं तर फोटोतही ते दिसतं. सगळ्या माना एकाच बाजूला नाहीत, दोघंतिघं एकमेकांवर आदळताहेत, पाय अजून लोंबकळताहेत. आपणहून निघालेल्या थव्यात जी ओळ असते ती नाही. मी त्या गोंधळाला दोन वर्षं 'ऊर्जा' म्हणत होते. फोटो उतरवला. भिंतीवर अजून चौकोनी डाग आहे.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

या कलेचा जन्मच शिकारीतून झाला आहे, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत जॉर्ज शिरास याने होडीत दिवा ठेवून रात्री पाण्यावर आलेली हरणं टिपली. ती युक्ती शिकाऱ्यांची. १९०६ साली 'नॅशनल जिओग्राफिक'ने त्याची चौऱ्याहत्तर छायाचित्रं एका अंकात छापली. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा वनाधिकारी. त्याने जंगलातल्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय लागला की वाघ स्वतःचाच फोटो काढून घ्यायचा. त्याचं 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ मध्ये आलं. बंदुकीने जो वाघ एकदाच मिळतो तो कॅमेऱ्याने पुन्हा पुन्हा मिळतो, हा त्यातला नवा विचार. आज वाघांची गणती करतात तीही याच वाटेने : कॅमेरा ट्रॅपच्या फोटोत पट्टे जुळवून. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, डाव्या कुशीचे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे. म्हणजे या कलेत चित्र हे पहिल्यापासून चित्रही आहे आणि पुरावाही.

इथे मला रा. भा. पाटणकरांची मदत होते. १९७४ च्या 'सौंदर्यमीमांसा'त त्यांनी दोन ध्रुव दाखवले. एक अलौकिकतावादी : कलाकृती आपल्यापुरती पूर्ण असते, बाहेरच्या जगाशी तिला देणंघेणं नाही. दुसरा लौकिकतावादी : कलेचं मूल्य आपल्या जगण्याशी, ज्ञानाशी, नीतीशी बांधलेलं आहे. आणि सौंदर्यविचार या दोन्ही ध्रुवांना धरून असतो, एकच धरून चालत नाही. विद्यार्थ्यांना हे पटवायला मला फार कष्ट पडत. आता वाटतं, लांडग्याचा एक फोटो दाखवला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

दोन ध्रुवांपैकी एकच धरला की काय होतं? लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' ही या क्षेत्रातली सर्वांत मानाची स्पर्धा. २००९ मध्ये तिथे एक लांडगाच पहिला आला. रात्र, लाकडी फाटक, त्यावरून झेप घेणारा लांडगा. रचना बिनचूक. जानेवारी २०१० मध्ये परीक्षकांनी तो बाद केला, कारण तो लांडगा बहुधा माणसाळवलेला, भाड्याने मिळणारा होता असं त्यांचं मत झालं. छायाचित्रकाराने ते नाकारलं. पण शंका कुठून आली ते बघा. काही जाणकार म्हणाले, रानातला लांडगा फाटकावरून उडी कशाला मारेल? तो फळ्यांमधून अंग चोरून जाईल. झेप लांडग्याला नको होती, चौकटीला हवी होती. त्याच स्पर्धेत २०१७ मध्ये एका मुंगीखाऊच्या फोटोला बक्षीस मिळालं आणि पुढच्या वर्षी काढून घेतलं. परीक्षकांच्या मते तो प्राणी पेंढा भरलेला होता. छायाचित्रकाराने हेही नाकारलं. विभागाचं नाव होतं, 'प्राणी आपल्या परिसरात'.

आणि आता उलटं उदाहरण. २०१६, तीच स्पर्धा, शहरी विभाग. आपल्या मुंबईचे नयन खानोलकर. आरे कॉलनीतली रात्रीची गल्ली. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, दिव्याचा उजेड, आणि त्या बोळातून चालत येणारा बिबट्या. या चित्रात आपल्या मुलाने 'कचरा' म्हणून काढून टाकलं असतं असं सगळं आहे. पण खानोलकरांनी काय केलं? फ्लॅशचे दिवे असे लावले की गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखाच उजेड पडावा. आणि कॅमेरा असा ठेवला की बिबट्या आला तरी त्याने सगळी चौकट व्यापू नये. हे दुसरं मला जास्त मोठं वाटतं. बिबट्या चौकटीत मावला पाहिजे हे सगळ्यांना कळतं. चौकटीत गल्लीही उरली पाहिजे, हे कळायला तिथल्या वारली वस्तीचं आणि बिबट्याचं शेजारपण कळावं लागतं. भिंती इथे अडथळा नाहीत, त्या रचना आहेत. जे दिसतं त्याला जागा शोधून दिली आहे.

मग सुधारायचं काय?

मी संगणकाच्या विरोधात नाही. मीही रॉ फाइल वापरते, उजेड सावरते, रंगांचा तोल साधते. पुसायला जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारते : ही वस्तू कुणी आणली? सेन्सरवरची धूळ माझ्या कॅमेऱ्याने आणली, पुसून टाका. निळसर झाक, वाकडं क्षितिज, अंधारात वाढलेले दाणे, हेही माझ्या यंत्राचे दोष, दुरुस्त करा. पण फांदी पक्ष्याच्या झाडाची आहे. तार त्या माळाची आहे. दगड लांडग्याच्या घरचे आहेत. माझे दोष मी काढीन, त्याच्या जगाची काटछाट करणार नाही. ती गोष्ट खुपत असेल तर मला तिला रचनेत जागा देता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुसणं ही कबुली आहे.

नव्या एआय साधनांबद्दल एक वाक्य. ती दाणे काढताना नुसतं काढत नाहीत, भरतातही. अस्पष्ट पिसाच्या जागी सुबक पीस, पुसट पट्ट्याच्या जागी नवा पट्टा. दिसायला गोड. पण ज्या पट्ट्यावरून वाघ ओळखतात तोच जर यंत्राने रेखाटला असेल तर आपण न जन्मलेल्या वाघाचा फोटो काढला. तेव्हा ही साधनं वापरलीत तर मूळ फाइल जपून ठेवा आणि वापरल्याचं खाली लिहा.

आता नीती. गेल्या वर्षी त्या माळावरून जाणं झालं. दगडांच्या जागी कंपाउंडची भिंत आहे, आत गेट, वॉचमनची खोली. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. पण माळरानाला आपण 'पडीक' म्हणतो, आणि पडीक जागेत काही जगत असेल असं कुणाला वाटत नाही. त्या माळावर लांडगा आणि दगड एकत्र होते याचा माझ्या माहितीतला एकच पुरावा तो मूळ फोटो आहे. भिंतीवर लागला, कॅटलॉगमध्ये छापला गेला, तो दुसरा. ज्यात सगळं आलबेल आहे. त्याला बक्षीस देणाऱ्या तीन सह्यांत एक माझी आहे.

म्हणून ही दोन चित्रं घेऊन हिंडते. 

प्रश्नोत्तरे

*एक श्रोते :* मॅडम, तुमचं पटतं. पण स्पर्धेत स्वच्छ फोटोच जिंकतो. फांदीसुद्धा काढायची नाही म्हणजे आम्ही हरायचंच का?

काही वर्षं, हो. तुमचा राग परीक्षकांवर असू द्या, तो योग्य आहे. मी मंडळाला लिहून दिलं की बक्षीसपात्र फोटोंची मूळ फाइल मागवा. दोन वर्षं झाली, आता मागवतात. प्रवेशिका थोड्या कमी झाल्या. चित्रं बरी झाली.

*एक विद्यार्थिनी :* माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. मी काय करू?

तुमच्या गल्लीत कुत्री आहेत ना? एकाची निवड करा. जमिनीवर बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला या. बिस्किट दाखवू नका, हाक मारू नका. तो आपणहून जे करेल ते होईपर्यंत थांबा. मागे स्कूटर येईल, कचऱ्याचा डबा येईल. येऊ द्या. डबा कुठे ठेवला तर तो चित्रात बसतो, ते शोधा. म्हणजे डबा हलवायचा नाही हं, तुम्ही हलायचं. (हशा) महिनाभर हे केलंत की मला फोटो पाठवा. मी खरंच बघते.